महिन्याला एक

यंदाच्या अंकाचा विषय घड्याळ. मे महिन्यात संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "मूल होण्याच्या वयाचं घड्याळ कुणीतरी जवळून पाहायला हवं. तुम्ही जा." मी जाणारच होते. या विषयाशी माझं जुनं नातं आहे, ते पुढे येईल.

गेली काही वर्षं 'नॅचरल आयव्हीएफ' हे शब्द पुण्या-मुंबईच्या पाट्यांवर आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत दिसू लागले आहेत. रोजची इंजेक्शनं नाहीत, हार्मोन्सचा मारा नाही. शरीर महिन्याला आपणहून जे एक बीज पिकवतं तेच बाहेर काढायचं, प्रयोगशाळेत फळवायचं आणि गर्भाशयात ठेवायचं. 'नैसर्गिक' हा शब्द आपल्याला चटकन पटतो. चाळिशीतल्या बाईला त्यातून खरोखर काय मिळतं, हे बघायला मी आषाढापासून भाद्रपदापर्यंत पुण्यातल्या एका वंध्यत्व उपचार केंद्रात जात राहिले.

साडेसातची सोनोग्राफी

सकाळी साडेसातला बाकावर नऊ बायका होत्या. इथे नावाआधी दिवस विचारतात. "दुसरा दिवस कोण?" सिस्टर दारातून विचारतात आणि दोघी उठतात. "नववा?" एक उठते. पाळी सुरू झाली की दिवस मोजायला लागायचं, आणि पुढच्या पाळीपर्यंत त्या मोजणीतच राहायचं.

माझ्या शेजारी बसलेल्या बाई कोरेगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतात. पोरं त्यांना 'बाई' म्हणतात, मीही तेच म्हणेन. वय ४१. पहाटे साडेचारला घर सोडून आल्या होत्या आणि दुपारच्या सत्राला शाळेत परत पोचायचं होतं. पर्समध्ये कालनिर्णयाची छोटी आवृत्ती. तारखेच्या चौकोनात, एकादशीच्या आणि संकष्टीच्या खाली, पेन्सिलीनं आकडे लिहिलेले: ९, १२, १४. ती होती फॉलिकलची मिलिमीटरमधली मापं. फॉलिकल म्हणजे बीजाभोवतीची पाण्यानं भरलेली पिशवी. सोनोग्राफीत ती काळ्या गोळ्यासारखी दिसते. पिकत आली की दिवसाला साधारण दोन मिलिमीटर वाढते. सतरा-अठराला पोचली की आतलं बीज तयार होत आलं असं समजतात.

त्या दिवशी माप आलं सोळा. डॉक्टर मॅडम पडद्याकडे बघत म्हणाल्या, "ताई, रक्त देऊन जा. एलएच वाढायला लागला असेल तर आज रात्री ट्रिगर." एलएच हे मेंदूतल्या ग्रंथीतून येणारं हार्मोन. ते उसळलं की साधारण ३६ तासांत पिशवी फुटते आणि बीज निसटतं. ट्रिगर म्हणजे तीच उसळी इंजेक्शननं आपल्या हिशेबानं घडवून आणायची, म्हणजे नेमकं कधी काढायला जायचं ते कळतं. वाढवायची इंजेक्शनं नाहीत, पण शेवटचं हे एक आहे. म्हणून या प्रकाराला 'मॉडिफाइड नॅचरल सायकल' म्हणतात. पूर्ण नैसर्गिक चक्रात तेही देत नाहीत.

दुपारी अहवाल आला तेव्हा एलएच आधीच चढला होता. बाईंना फोन केला, त्यांनी दुसऱ्या दिवशी रजा टाकली, पहाटेची गाडी पकडली. सोनोग्राफीत काळा गोळा दिसेना. त्याच्या जागी सुरकुतलेली पिशवी आणि मागे थोडं पाणी. फुटलं होतं.

"म्हणजे गेलं?" बाईंनी विचारलं.

"गेलं. या महिन्यातलं गेलं."

नैसर्गिक चक्रातली ही सगळ्यांत नेहमीची गोष्ट आहे. इंजेक्शनांच्या पद्धतीत अंडाशय औषधाच्या लगामात असतो. इथे शरीर स्वतःच्या वेळेनं चालतं, आणि वय वाढलं की ती वेळ आणखी बेभरवशाची होते. चाळिशीत पाळीचा पहिला भाग आखडतो, बीज लवकर पिकतं, उसळी आधीच येते. ज्या वयात बायका या पद्धतीकडे जास्त येतात, त्याच वयात ती हातातून जास्त निसटते.

ओल्डहॅमच्या रात्री

जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बेबी नैसर्गिक चक्रातलंच होतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांनी इंग्लंडमध्ये ओल्डहॅमजवळच्या एका छोट्या इस्पितळात कितीतरी वर्षं औषधं देऊन बीजं वाढवून पाहिली. गर्भ टिकेना. शेवटी त्यांनी औषधं सोडली. बायकांच्या लघवीतलं हार्मोन दर तीन तासांनी मोजायचं, उसळी दिसली की तास मोजायचे आणि वेळ भरली की मध्यरात्र असो की पहाट, शस्त्रक्रियेला लागायचं. लेझली ब्राऊन यांचं एकच बीज नोव्हेंबर १९७७मध्ये असं काढलं. २५ जुलै १९७८ला लुईज जन्मली. लेझली तेव्हा ३० वर्षांच्या होत्या आणि त्यांच्या बीजवाहक नळ्या बंद होत्या. बीजात दोष नव्हता, वाट अडली होती. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या एका बीजाच्या यशामागे त्याचं तिशीतलं वय उभं होतं.

त्यानंतर जग दुसऱ्या दिशेला गेलं. अमेरिकेत नॉरफोकला जॉर्जियाना आणि हॉवर्ड जोन्स या जोडप्यानं १९८०मध्ये नैसर्गिक चक्रांवर प्रयत्न केले, एकही गर्भ राहिला नाही. मग त्यांनी हार्मोनची इंजेक्शनं देऊन अनेक बीजं मिळवायला सुरुवात केली आणि १९८१च्या डिसेंबरात अमेरिकेचं पहिलं बाळ जन्मलं. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी तर १९७८मध्येच हार्मोन देऊन बीजं वाढवत होते. लुईजनंतर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, त्यांच्या प्रयत्नातून दुर्गा जन्मली. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही आणि १९८१मध्ये त्यांनी जीव दिला. मुंबईत परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा जन्मली ती ६ ऑगस्ट १९८६ला, आणि देशातलं पहिलं टेस्ट ट्यूब बेबी तीच मानली गेली. मुखर्जींचं काम कागदपत्रांतून वर काढलं ते केईएमच्या त्या यशात वाटा असलेल्या डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनी, १९९७मध्ये, आणि पहिलेपणाचा मान स्वतःकडून काढून मुखर्जींना दिला. विज्ञानात असा मोठेपणा क्वचित दिसतो.

आजीच्या पोटातलं बीज

आता वयाचं. पुरुषाच्या शरीरात शुक्रजंतू सतत नवे होतात. बाईच्या शरीरात जन्मानंतर नवं बीज होत नाही असंच आजवरचं बहुतेक विज्ञान सांगतं. सगळी बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. गर्भ पाच महिन्यांचा असताना साठ-सत्तर लाख, जन्मताना दहा-वीस लाख, पाळी येते तेव्हा तीन-चार लाख. यातली आयुष्यभरात जेमतेम चारशे बाहेर पडतात. बाकीची आतच विरतात, गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या तरी, गरोदरपणातही. मी ज्या बीजातून झाले ते माझ्या आजीच्या पोटात असलेल्या माझ्या आईच्या पोटात होतं. हे मला कळलं तेव्हा मी किती तरी वेळ आजीच्या फोटोसमोर बसून होते.

संख्या घटते हा झाला अर्धा भाग. उरलेला अर्धा जास्त जाचक आहे. बीजाला आपली ४६ गुणसूत्रं अर्धी करायची असतात. ही वाटणी ते आईच्या पोटात असतानाच सुरू करतं आणि मध्येच थांबतं. विसाव्या वर्षी पिकलेलं बीज वीस वर्षं थांबलेलं असतं, एकेचाळिसाव्या वर्षी पिकलेलं एकेचाळीस. एवढा काळ गुणसूत्रांच्या जोड्या प्रथिनांच्या कड्यांनी धरून ठेवलेल्या असतात, आणि ती कडी नव्यानं भरली जात नाहीत असं दिसतं. गोधडीचे टाके जसे वर्षानुवर्षांच्या वापरानं विरतात तशी ती विरतात. मग वाटणी चुकते: एखादं गुणसूत्र जास्तीचं जातं, एखादं राहून जातं. तिशीच्या सुरुवातीला तयार होणाऱ्या भ्रूणांपैकी साधारण तीनांत एक असं बिघडलेलं असतं. चाळिशीला अर्ध्याहून जास्त. चव्वेचाळिशीला दहांत आठ किंवा त्याहून अधिक. यातली बहुतेक रुजतच नाहीत किंवा लवकर पडतात. म्हणून वय वाढतं तसं गर्भ राहणं कमी होतं आणि गर्भपात वाढतात. डाउन सिंड्रोमचं बाळ होण्याची शक्यता पंचविशीत साडेबाराशेत एक असते, चाळिशीत शंभरात एक.

केंद्रात येणाऱ्या बायकांच्या तोंडी एएमएच हा शब्द घरच्या माणसाच्या नावासारखा असतो. "माझा पॉइंट चार आलाय." ही रक्ततपासणी साठा किती उरला ते सांगते, बीज कसं आहे ते सांगत नाही. पंचविशीतल्या मुलीचा एएमएच कमी आला तरी तिचं बीज पंचवीस वर्षांचंच असतं. आणि बेचाळिशीत एएमएच छान आला म्हणून कुणी निर्धास्त होऊ नये. हा फरक मला कुणी वेळेवर सांगितला नव्हता. मी छत्तिसाव्या वर्षी एका डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं, "ताण घेऊ नका, कुठेतरी फिरून या." आम्ही फिरून आलो. दोन वर्षं गेली. आकडे हातात आले ते अडतिसाव्या वर्षी. त्या दोन वर्षांबद्दल मला अजून राग आहे, आणि मी तो लपवणार नाही. धीर द्यायला हरकत नव्हती, पण धीराबरोबर तपासणीचा कागदही द्यायला हवा होता. आपल्याकडे बायकांची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिशीत जाते, पाश्चात्त्य बायकांपेक्षा चारेक वर्षं आधी. तिथल्या नट्यांची पंचेचाळिशीतली बाळंतपणं बघून आपलं वेळापत्रक ठरवणाऱ्या मुलींना हे कुणीतरी सांगावं.

एका बीजाचा हिशेब

मग औषधं देऊन दहा बीजं काढलेली बरी की महिन्याला एक? इथे एक गैरसमज आधी बाजूला काढते, कारण बाकावर तो मी रोज ऐकला: इंजेक्शनांनी बीजं लवकर संपतात. तसं नाही. दर महिन्याला बीजांची एक तुकडी वाढायला निघते. त्यातलं एक पुढे जातं, उरलेली मरतात. इंजेक्शन त्या मरणाऱ्यांना वाचवतं, पुढच्या महिन्याच्या साठ्यातून उचलून आणत नाही.

म्हणून तिशीतल्या, भरपूर साठा असलेल्या बाईला नैसर्गिक चक्र सुचवणं म्हणजे तिचे महिने खर्ची घालणं. एका बीजातून पुढचं प्रत्येक पाऊल पडायला हवं: वेळेत सापडायला हवं, पिकलेलं हवं, फळायला हवं, वाढायला हवं, रुजायला हवं. सुरू केलेल्या शंभर चक्रांमागे बाळ घरी नेण्याचं प्रमाण एक आकडी राहतं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०१३च्या मार्गदर्शक सूचनांत नैसर्गिक चक्राचं आयव्हीएफ देऊ नका असं स्पष्ट लिहिलं. ज्या देशात लुईज जन्मली त्याच देशानं.

पण बाईंसारख्या स्त्रीचा हिशेब वेगळा आहे. बाईंना दोनदा भरपूर इंजेक्शनं देऊन झाली होती. पहिल्यांदा दोन बीजं, दुसऱ्यांदा एक. साठाच नाही तर औषध वाचवणार कुणाला? जे एक येणार ते इंजेक्शनांवाचूनही येतं. पोट फुगणं नाही, अंडाशय सुजून पोटात पाणी होण्याची धास्ती नाही, इंजेक्शनांचा खर्च नाही, आणि पुढच्याच महिन्यात परत प्रयत्न करता येतो. प्रयोगशाळेचा खर्च मात्र एका बीजाला तेवढाच लागतो, हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं. डॉक्टरांनी बाईंना आणि त्यांच्या यजमानांना समोर बसवून सांगितलं होतं, "या वयात शंभरात दोन-तीन." यजमानांनी विचारलं, "पण नैसर्गिक म्हणजे बीज चांगलं असेल ना?" डॉक्टर म्हणाल्या, "औषध दिलं नाही म्हणून बीजाचं वय कमी होत नाही." मला ते वाक्य त्या केंद्राच्या दारावर लावावंसं वाटलं.

खिडकीपलीकडे

श्रावणात दुसरं चक्र. या वेळी रोज बोलावलं, माप साडेसतरा असताना ट्रिगर दिला, आणि शुक्रवारी सकाळी बीज काढायचं ठरलं. श्रावणातला शुक्रवार म्हणजे जिवतीचा. बाईंच्या सासूबाईंनी देवघराशेजारी जिवतीचा कागद लावला होता. त्या दिवशी आया पुरणाच्या दिव्यांनी मुलांना ओवाळतात. "आत्या, या वेळी मी घरी नाही, बरं झालं," असं म्हणून बाई निघाल्या होत्या.

बाईंच्या आणि डॉक्टरांच्या परवानगीनं मी प्रयोगशाळेच्या बाजूला उभी राहिले. अंगात निळा गाऊन, डोक्याला टोपी. अत्तर लावून यायचं नाही, असं आदल्या दिवशीच बजावलं होतं. भ्रूणांना त्या वाफा सोसत नाहीत. शस्त्रक्रियेची खोली आणि प्रयोगशाळा यांच्यामध्ये एक छोटी सरकती खिडकी. पलीकडे डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या आधारानं बारीक सुई त्या एका काळ्या गोळ्यात नेली. एकच असल्यामुळे पूर्ण भूलही दिली नव्हती. पडद्यावर गोळा आक्रसत गेला. खिडकीतून कोमट ठोकळ्यातली नळी इकडे आली. आत चमचाभरसुद्धा नाही, तांबूस झाक असलेलं पिवळसर पाणी.

एम्ब्रियॉलॉजिस्ट मुलगी अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची असेल. तिनं पाणी बशीत ओतलं, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, आणि बशी सावकाश गोल फिरवू लागली. कुणी बोलत नव्हतं. दहा बीजं काढतात तेव्हा ही मंडळी मोठ्यानं मोजतात, "एक, दोन, तीन." इथे पहिली नळी रिकामी. डॉक्टरांनी तीच पिशवी थोडं द्रव सोडून धुतली, दुसरी नळी आली. बशी पुन्हा फिरू लागली. भिंतीवरच्या घड्याळाकडे माझी नजर गेली आणि मी ती मुद्दाम वळवली.

"मिळालं," ती म्हणाली. खिडकीपलीकडे सिस्टरनं ते बाईंना सांगितलं. बाईंचा आवाज आला नाही.

तिनं मला बघू दिलं. ढगासारख्या पेशींच्या पुंजक्यात मधोमध एक फिकट गोल. मिलिमीटरचा दहावा भाग. माणसाच्या शरीरातली सगळ्यांत मोठी पेशी, एकेचाळीस वर्षं थांबलेली.

दुपारी तिनं एकच शुक्रजंतू सुईनं आत सोडला. दुसऱ्या दिवशी दोन केंद्रकं दिसली, म्हणजे फळलं. तिसऱ्या दिवशी सहा पेशी. पाचव्या दिवसापर्यंत वाट न बघता त्याच दिवशी गर्भाशयात ठेवलं. त्याआधी पडद्यावर ते बाईंना दाखवलं. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "दिसलं मला. मी पुस्तकातल्या आकृतीत मुलांना दाखवते ना, तसंच होतं."

तोक्योहून

माझी एक मैत्रीण तोक्योत निशी-कासाईला राहते. आपली पुष्कळ मंडळी तिथे आहेत. ती ३९ वर्षांची, आणि तिच्या तपासण्या तिथे चालू आहेत, उपचार अजून सुरू व्हायचे आहेत. जगात नैसर्गिक आणि सौम्य औषधांच्या चक्रांसाठी सर्वांत जास्त ओळखला जातो तो जपान. शिंजुकूतलं कातो लेडीज क्लिनिक त्यातलं गाजलेलं नाव. अगदी बारीक सुई, भूल शक्यतो नाही, आणि गर्भाशयात एका वेळी एकच भ्रूण. जपानमध्ये २०२२ साली आयव्हीएफसारख्या उपचारांतून ७७ हजारांवर बाळं जन्मली, म्हणजे साधारण दहांत एक.

"इथे ऑफिसला जाता जाता सोनोग्राफी होते," ती फोनवर म्हणाली. "कामात खाडा कमी. पण घड्याळ इथेही आहेच, फक्त ते कागदावर लिहिलेलं आहे." एप्रिल २०२२पासून जपानच्या सरकारी विम्यात हे उपचार बसतात. सुरुवात करताना वय ४३च्या आत हवं. चाळिशीच्या आत सुरू केलं तर सहा वेळा भ्रूण ठेवण्यापर्यंत विमा, चाळीस ते बेचाळीस असेल तर तीनच वेळा. तिचा चाळिसावा वाढदिवस जवळ आला आहे. "अगं, त्याआधी सुरू झालं नाही तर सहाचे तीन होतील," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी जरा वेळ गप्प बसलो.

आपल्याकडे २०२१चा कायदा स्त्रीला पन्नास आणि पुरुषाला पंचावन्न वर्षांची मर्यादा घालतो. विमा बहुतेकांना नाही. सोनं मोडतात, कर्ज काढतात. मला जपानची ती पायरी कठोर वाटते, पण तिच्यात एक प्रामाणिकपणा आहे: बाईला आधी कळतं. आपल्याकडे आकडा विचारला तरच सांगतात, आणि विचारायचं असतं हे फार थोड्या जणींना ठाऊक असतं. पुरुषांनाही मी यातून सोडत नाही. बाकावरच्या नऊ जणींपैकी चौघींनी सांगितलं की नवऱ्याची साधी तपासणी त्यांच्या सगळ्या तपासण्या झाल्यावर झाली. त्यात गेलेले महिने बाईच्या वयातून वजा होतात.

दुसऱ्या कुणाचं बीज

गर्भाशयाचं घड्याळ बीजाइतकं कडक नसतं. २०१९मध्ये गुंटूरला ७४ वर्षांच्या बाईला दात्या स्त्रीच्या बीजातून जुळ्या मुली झाल्या. कायद्यानं आता ते शक्य नाही आणि नसलेलंच बरं, पण त्यातून दिसतं ते हे: तरुण दात्रीचं बीज असेल तर यश दात्रीच्या वयाप्रमाणे मिळतं. चाळिशीतल्या बाईला डॉक्टर शेवटी हाच मार्ग सांगतात.

चौदा दिवसांनी बाईंच्या रक्ततपासणीचा निकाल आला. नाही. फोन त्यांच्या मधल्या सुट्टीत गेला. भाद्रपदात त्या आल्या तेव्हा डॉक्टरांनी दात्रीच्या बीजाचं पुन्हा काढलं. बाईंनी नीट ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले, आणि म्हणाल्या, "मॅडम, आणखी एक महिना माझंच. मग आम्ही दोघं येऊन बसतो." डॉक्टर हो म्हणाल्या. शंभरात दोन-तीन हा आकडा त्यांनी पुन्हा एकदा सांगितला. बाईंनी मान डोलावली.

बाहेर बाकावर त्यांनी कालनिर्णय काढलं. आषाढाच्या चौकोनांत सोळाला थांबलेले आकडे, श्रावणात साडेसतरा, आणि शुक्रवारच्या खाली बारीक अक्षरात 'मिळालं'. पान उलटून त्यांनी पाळीच्या दुसऱ्या दिवसाभोवती पेन्सिलीनं गोल केला, गौरी-गणपतीच्या सुट्ट्या तपासल्या, आणि रजेचा अर्ज किती तारखेला द्यावा लागेल ते बोटांवर मोजायला लागल्या.